पासारेला खंय?

२९ जून १९८६ ची रात्र. साडेअकरा वाजले होते, बाहेर जूनचा पाऊस कोसळत होता आणि आमच्या वाड्यावरच्या एकुलत्या एका धड चालणाऱ्या टीव्हीपुढे आम्ही पंचवीस-तीस जण दाटीवाटीने बसलो होतो. मेक्सिकोत तेव्हा भर दुपार. अर्जेंटिना विरुद्ध पश्चिम जर्मनी, विश्वचषकाचा अंतिम सामना. सगळ्यांचे डोळे एकाच माणसावर, ते कोण हे सांगायला नको. फक्त मागे खुर्चीत बसलेले मास्तर (शाळेतून निवृत्त झाले होते, पण वाड्याचे मास्तर ते शेवटपर्यंत राहिले) सारखे मान उंच करून पडद्यावर काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "अरे, पासारेला खंय?"

कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तो दुयेंत आसा."

थोड्या वेळाने ब्राऊन नावाच्या बचावपटूने उडी मारून डोक्याने पहिला गोल केला. घर दणाणून गेलं. मास्तर मात्र हळूच म्हणाले, "ती सुवात पासारेलाची."

आम्हा पोरांना तेव्हा मॅराडोनापलीकडे काही दिसत नव्हतं. मास्तरांची गोष्ट वेगळी. त्यांनी १९७८ चा विश्वचषक वर्तमानपत्रांतून अक्षर न् अक्षर वाचून काढलेला. त्यांच्या मनातली अर्जेंटिना म्हणजे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला, चषक डोक्यावर धरलेला तो कापितांव. त्या रात्रीनंतर डॅनियल पासारेला हे नाव माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे कित्येक वर्षं मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आलो. एखाद्या माणसावर लोक किती प्रेम करतात आणि ते प्रेम कुठल्या वाटेने निघून जातं, याची इतकी सरळ आणि इतकी विचित्र कहाणी फुटबॉलमध्ये मला दुसरी सापडली नाही.

तो जन्मला २५ मे १९५३ रोजी, ब्वेनोस आयरेस प्रांतातल्या चाकाबूको या गावात. २५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिवस. आणि ज्या रिव्हर प्लेट क्लबशी त्याचं आयुष्य बांधलं गेलं, त्या क्लबचा स्थापनादिवसही २५ मेच, साल १९०१. आपल्याकडे असता तर ज्योतिषांनी यावर पानंच्या पानं लिहिली असती. हुनीन गावच्या सार्मिएन्तो या लहान क्लबातून १९७४ साली तो रिव्हरमध्ये आला. रिव्हर तेव्हा मोठ्या नावाचा पण उपाशी क्लब होता, १९५७ नंतर एकही विजेतेपद नाही. १९७५ साली प्रशिक्षक लाब्रुना यांच्या हाताखाली तो अठरा वर्षांचा उपास सुटला आणि मग १९८१ पर्यंत रिव्हरने एकूण सात विजेतेपदं घेतली. त्या संघाच्या बचावफळीत पासारेला उभा होता.

तो बॅकला खेळायचा. आता बॅकला खेळणाऱ्यावर लोक सहसा प्रेम करत नाहीत. त्याची चूक तेवढी लक्षात राहते. फॉरवर्ड नऊ वेळा चुकला आणि दहाव्यांदा गोल केला की हिरो होतो. बॅक नऊ वेळा वाचवतो आणि दहाव्यांदा घसरला की शिव्या खातो. गावच्या मैदानावरसुद्धा हेच चालतं. पासारेलाने हा नियम मोडला तो गोल करून. उंची जेमतेम पाच फूट आठ-नऊ इंच, पण उडी अशी की सहा फुटी जर्मन-इटालियन खाली राहायचे. डावा पाय म्हणजे तोफ. फ्री किक त्याची, पेनल्टी त्याची. अर्जेंटिना आणि इटली इथल्या लीगमध्ये मिळून ४५१ सामन्यांत १३४ गोल ही त्याची सर्वमान्य नोंद, आणि हॉलंडच्या रोनाल्ड कूमनने मोडीपर्यंत बचावपटूंमधला तो विक्रम होता. १९८५-८६ च्या मोसमात फिओरेन्तिनाकडून त्याने ११ गोल केले, तेही इटलीत, जिथे त्या काळी एका गोलासाठी घाम गाळावा लागायचा. देशासाठी ७० सामन्यांत २२ गोल.

लोकांनी त्याला 'एल ग्रान कापितान' म्हणजे थोर कप्तान हे नाव दिलं. हे बिरुद साधं नव्हे. अर्जेंटिनाचा मुक्तिदाता जनरल सान मार्तीन याची ओळखच या नावाने आहे. फुटबॉलपटूला ते देणं म्हणजे आपण एखाद्या क्रिकेट कप्तानाला 'शककर्ते' म्हणण्यासारखं झालं.

आता १९७८ कडे वळायला हवं, आणि इथे जरा थांबायला हवं.

२५ जून १९७८, ब्वेनोस आयरेसचं मोन्युमेंताल स्टेडियम, रिव्हर प्लेटचं घर. अर्जेंटिना ३, हॉलंड १, जादा वेळेत. केम्पेसचे दोन गोल, बेर्तोनीचा एक. (त्या संघाचे शर्टाचे क्रमांक आडनावांच्या क्रमाने दिलेले होते. त्यामुळे मधल्या फळीतला आलोन्सो १ नंबर, आर्दिलेस २ नंबर, गोलरक्षक फियोल ५ नंबर आणि आमचा लिबेरो १९ नंबर! मास्तरांना ही गंमत फार आवडायची.) पंचविशीतल्या पासारेलाने चषक घेतला. तो त्याच्या हाती देणारा होता जनरल होर्हे विदेला, १९७६ साली सत्ता बळकावलेल्या लष्करी राजवटीचा प्रमुख.

त्या स्टेडियमपासून जेमतेम मैलभरावर नौदलाची यांत्रिकी शाळा होती, 'एस्मा' या नावाने कुप्रसिद्ध. पकडून आणलेल्या माणसांना तिथे डांबून ठेवत, छळ करत, आणि बहुतेकांना विमानातून नदीत किंवा समुद्रात फेकून देत. त्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांचा आकडा मानवी हक्क संघटना तीस हजार सांगतात. सामन्यातला आरडाओरडा आत डांबलेल्यांना ऐकू येत असे. तिथून जिवंत सुटलेल्या एका बाईची साक्ष मी वाचली आहे. अंतिम सामना जिंकल्यावर पहारेकऱ्यांनी तिला मोटारीत घालून शहरात नेलं, रस्त्यावरचा जल्लोष दाखवायला. ती मोटारीच्या टपातून डोकं बाहेर काढून उभी राहिली. चहूकडे माणसंच माणसं, गाणी, झेंडे. आपण आता ओरडून 'मी बेपत्ता झालेली आहे' असं सांगितलं तरी इथे कोणाच्या कानावर जाणार नाही, हे तिला तेव्हा कळलं.

हे वाचल्यापासून चषक उंचावलेल्या पासारेलाचा तो फोटो मला पूर्वीसारखा बघता येत नाही. पण म्हणून ते प्रेम खोटं होतं का? रस्त्यावर उतरलेले ते लाखो लोक विदेलासाठी नाचत नव्हते. संघाचे प्रशिक्षक मेनोत्ती तर उघड डाव्या विचारांचे. खेळाडू पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरं. त्यांनी काय करायला हवं होतं हे आज गोव्यात निवांत बसून मी सांगणं बरं दिसत नाही. एवढं मात्र खरं, की लोकशाही आल्यावर त्या विजयाकडे अर्जेंटिनाचे लोक जरा मान वळवून बघू लागले. १९८६ चा चषक त्यांना स्वच्छ वाटला. आणि त्या स्वच्छ चषकाला चेहरा मिळाला मॅराडोनाचा.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे. १९८३ साली बिलार्दो प्रशिक्षक झाले आणि त्यांनी कप्तानी पासारेलाकडून काढून मॅराडोनाकडे दिली. तरी संघ मेक्सिकोला पोचला तो पासारेलामुळेच. ३० जून १९८५, पुन्हा तेच मोन्युमेंताल, पात्रता फेरीचा शेवटचा सामना पेरूशी. पेरू २-१ पुढे, घड्याळ संपत आलेलं. पासारेला बॅकची जागा सोडून थेट गोलसमोर घुसला, फटका मारला, आणि आत जाऊ पाहणारा तो चेंडू गारेकाने रेषेपलीकडे ढकलला. २-२. अर्जेंटिना पात्र. (रिकार्दो गारेका हे नाव भारतीय वाचकाने विसरू नये. १९८४ च्या जानेवारीत कोलकात्याच्या नेहरू चषकात भारताने अर्जेंटिनाला जवळजवळ ऐंशी मिनिटं रोखून धरलं होतं, तेव्हा एकमेव गोल करून आपल्याला हरवणारा हाच. आणि या गारेकालाही १९८६ च्या संघात जागा मिळाली नाही!)

मेक्सिकोत पासारेलाला पोटाच्या विकाराने गाठलं, पुढे पायाच्या दुखापतीची भर पडली आणि तो एक मिनिटही खेळला नाही. त्याआधीच त्याचं आणि मॅराडोनाचं बिनसलं होतं. उशिरा येण्यावरून, टेलिफोनच्या बिलावरून... मॅराडोनाने २००० सालच्या आत्मचरित्रात ही भांडणं तिखटमीठ लावून सांगितली आहेत. त्यात एकच बाजू आहे हे लक्षात ठेवून वाचावं. त्याच्या जागी खेळला होजे लुईस ब्राऊन. त्या वेळी ब्राऊनला धड क्लबही नव्हता. अंतिम सामन्यात त्याचा खांदा निखळला, तेव्हा शर्टाला दाताने भोक पाडून त्यात बोट अडकवून तो खेळत राहिला. ब्राऊनबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दोन्ही विजेत्या संघांत नाव असलेला एकमेव अर्जेंटिनी खेळाडू पासारेला, आणि दुसऱ्या चषकात त्याचा पाय मैदानाला लागलेलाच नाही. कसलं नशीब म्हणायचं हे?

इटलीतून परतून तो एक मोसम रिव्हरकडून खेळला आणि १९९० च्या सुरुवातीला त्याच रिव्हरचा प्रशिक्षक झाला. १९९४ पर्यंत तीन विजेतेपदं. मोन्युमेंतालच्या प्रेक्षकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. म्हणून १९९४ च्या विश्वचषकात मॅराडोना उत्तेजक चाचणीत सापडला, देशाची मान खाली गेली, तेव्हा शिस्त आणायला सगळ्यांना पासारेलाच आठवला.

शिस्त त्याने आणली, पण ती कुठून सुरू केली? केसांपासून! लांब केस नकोत, कानात बाळ्या नकोत. रेआल माद्रिदच्या मधल्या फळीचा राजा फेर्नांदो रेदोंदो म्हणाला, मी केस कापणार नाही. बातिस्तुताने कापून घेतले. १९९८ च्या विश्वचषकाच्या संघात रेदोंदोही नव्हता आणि लांब केसांचा कॅनिजियाही नव्हता. त्या वेळी आमच्या वाड्यावर यावरून दोन तट पडले होते. मास्तर अर्थातच पासारेलाच्या बाजूचे, शाळेत ते स्वतः पोरांना न्हाव्याकडे पिटाळत. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की रेदोंदोसारखा खेळाडू केसांपायी घरी ठेवणारा माणूस फुटबॉलचा नव्हे, छावणीचा विचार करतो. लिबेरोला सगळं मैदान समोर दिसतं, तो हाताने इशारे करून प्रत्येकाला जागेवर उभा करतो. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की मैदानाबाहेरही प्रत्येकाला जागेवर उभं केल्याशिवाय त्याला चैन पडत नसावं.

हेही सांगायला हवं, की त्याच काळात, १९९५ साली, त्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. तरी तो कामावर परतला. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं. आणि १९९८ ला फ्रान्समध्ये इंग्लंडला पेनल्टींवर हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला.

तो हॉलंडविरुद्धचा सामना आम्ही मास्तरांच्या घरी बघितला. ४ जुलै १९९८, मार्से. आता टीव्ही रंगीत, केबल आलेली, मास्तर मात्र थकलेले. कॅमेरा अर्जेंटिनाच्या बाकाकडे वळला तसे ते पुढे झुकले. "हो न्ही तो?" मी म्हटलं, "होय मास्तर, तोच." ते म्हणाले, "म्हातारो जालो रे." वास्तविक तो त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान! १-१ असताना ओर्तेगाने डच गोलरक्षकाला डोक्याने ढुशी मारली, लाल कार्ड घेतलं आणि दोन-तीन मिनिटांत बर्गकॅम्पने तो अप्रतिम गोल केला. २-१. वीस वर्षांपूर्वी ज्या हॉलंडला हरवून तो देव झाला, त्याच हॉलंडने त्याला घरी पाठवलं. शिस्त आणायला बसवलेल्या प्रशिक्षकाचा संघ बेशिस्तीमुळे हरला, हेही आलंच.

मधली वर्षं भराभर सांगतो. उरुग्वेचा प्रशिक्षक झाला, पात्रता फेरी अर्ध्यावर असताना सोडून गेला. इटलीत पार्माकडे गेला, लीगचे पाचही सामने हरला, नोकरी गेली. मेक्सिकोच्या मोंतेर्रेला मात्र २००३ साली त्याने सतरा वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. नंतर ब्राझीलमध्ये थोडे दिवस, मग २००६-०७ मध्ये पुन्हा रिव्हर, आणि तिथे हात हलवत परत. २००४ साली पेलेने निवडलेल्या हयात थोर खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव होतं, पण एव्हाना तो जुन्या फोटोतला माणूस होत चालला होता.

इथे थांबला असता तर? पण २००९ च्या डिसेंबरात तो रिव्हर प्लेटच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. हजारो सभासदांच्या मतदानात दोनोफ्रियो यांचा त्याने पराभव केला तो अवघ्या सहा मतांनी. सहा! म्हणजे त्याची लोकप्रियता तेव्हाच अर्धी उरली होती, हे त्या रात्री कोणी मोजलं नाही.

अर्जेंटिनात तेव्हा कोणता क्लब खालच्या श्रेणीत जाणार हे त्या एका वर्षाच्या गुणांवर ठरत नसे. तीन मोसमांचे गुण एकत्र करायचे, सामन्यांच्या संख्येने भागायचे, ती सरासरी बघायची. ही पद्धत १९८३ साली आली. मोठे क्लब एका वाईट वर्षामुळे बुडू नयेत हा त्यातला फायदा, आणि गंमत म्हणजे त्याच १९८३ मध्ये रिव्हर १९ संघांत १८ वा आला होता. या सरासरीनेच त्याला वाचवलं. २०११ मध्ये तीच सरासरी उलटली. २०१०-११ च्या मोसमात रिव्हर तळाला नव्हता. पण हिशेबात २००८ चा तो मोसमही धरला होता ज्यात रिव्हर चक्क शेवटचा आला होता, म्हणजे पासारेला अध्यक्ष होण्यापूर्वीचा. कर्ज जुनं, सही करणारे जुने, वसुली मात्र याच्या दारात.

मग कोर्दोबाच्या बेल्ग्रानो संघाशी दोन सामन्यांची लढत. पहिला तिकडे, ०-२. दुसरा २६ जून २०११ रोजी मोन्युमेंतालवर. तारीख परत वाचा. १९७८ च्या त्या दिवसाला तेहेतीस वर्षं आणि एक दिवस झाला होता, आणि गवतही तेच. पावोनेने सुरुवातीलाच गोल केला, आशा वाढली. उत्तरार्धात फारेने बरोबरी साधली. मग रिव्हरला पेनल्टी मिळाली, तीही पावोनेची, आणि ओलावेने ती अडवली. १-१. एकशे दहा वर्षांत प्रथमच रिव्हर प्लेट दुसऱ्या श्रेणीत. पंचाने सामना शेवटाला जरा आधीच थांबवला, कारण कठड्यांवरून वस्तूंचा वर्षाव सुरू झाला होता. खुर्च्या उखडल्या गेल्या, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, बाहेर दंगल. ज्याच्यासाठी हे स्टेडियम गात असे, त्याच्या नावाने तेच स्टेडियम शिव्या घालत होतं.

त्याचा दोष किती? माझ्या मते अर्धाही नाही. पण तो दुसऱ्यावर ढकलता येईल असं वागणं त्याला कधी जमलं नाही. महिनाभर आधी बोकाकडून हरल्यावर त्याने देशाच्या फुटबॉल संघटनेचे सर्वशक्तिमान अध्यक्ष ग्रोंदोना यांना राजीनामा द्या म्हणून तोंडावर सुनावलं होतं. आता सगळे त्याचा राजीनामा मागत होते आणि तो देईना. कप्तान बोट सोडत नाही, हीच त्याची समज. पेनल्टी क्षेत्रात उभा असता तर लोकांनी याच हट्टासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. अध्यक्षाच्या खुर्चीत तो हट्ट त्यांना सहन झाला नाही. गोल अडवायला आता त्याच्यापाशी पाय नव्हते, होती ती फक्त सही आणि आवाज.

वर्षभरात, २३ जून २०१२ ला, रिव्हर वर आला. शेवटच्या सामन्यातले दोन्ही गोल त्रेझेगेचे, प्रशिक्षक अल्मेयदा. श्रेय त्या दोघांना गेलं, अध्यक्षाला कोणी विचारलं नाही. २०१३ च्या डिसेंबरात पासारेलाची मुदत संपली आणि सहा मतांनी हरलेले दोनोफ्रियो अध्यक्ष झाले.

त्यांच्या काळात आलेल्या मार्सेलो गॅलार्डो या प्रशिक्षकाने २०१८ च्या डिसेंबरात माद्रिदमध्ये बोकाला हरवून दक्षिण अमेरिकेचा चषक जिंकला, आणि २०२३ साली मोन्युमेंतालच्या बाहेर त्याचा भलामोठा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात, तिथून मैलभरावरच्या एस्माच्या इमारतीला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मास्तर ही बातमी ऐकायला नव्हते. असते तर त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली असती. १९९३ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या गॅलार्डोला रिव्हरच्या पहिल्या संघातून पहिल्यांदा खेळवलं, तेव्हा प्रशिक्षकाच्या बाकावर पासारेला बसला होता.